काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही

मला गप्प बसवणं हे खायचं काम नाही. माझ्या आईला ते जमलं नाही, शाळेतल्या बाईंना जमलं नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आमच्या ह्यांनाही जमलेलं नाही. ते जमलं एकट्या ऑगीकाकांना. मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपच्या मागच्या छोट्या खोलीत पाऊल टाकलं, की माझं तोंड आपोआप मिटायचं. आजही सोनाराच्या दुकानात काटा हलताना दिसला की मी बोलता बोलता थांबते, आणि सोनार बिचारा मला भाव पटला नाही असं समजतो.

ऑगीकाका म्हणजे पासपोर्टवरचे ऑगस्टीन, वसईचे. मस्कतमधली आमची कंपनी वजनकाटे विकायची आणि दुरुस्त करायची. मत्राहच्या सोन्याच्या दुकानांतल्या नाजूक काट्यांपासून ट्रक तोलणाऱ्या अवाढव्य काट्यांपर्यंत सगळं आमच्याकडे यायचं. मी ऑफिसात फोन घ्यायची, बिलं टाइप करायची. काका दुरुस्तीचे मुख्य. वादी अदाईत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, त्यामुळे त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून माझं रोजचं जाणं-येणं. सेलिनकाकू वसईला केळीची वाडी आणि सासूबाई सांभाळत होत्या. आमचे हे वाळवंटात तेलाच्या फील्डवर, महिन्यातले निम्मे दिवस गायब. म्हणजे गाडीत दोन बोलघेवडी माणसं आणि ऐकायला कोणी नाही, अशी अवस्था होती. काका स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांनी बोलायचे आणि मी सीटबेल्ट घट्ट धरून त्यांच्यापेक्षा वरचढ बोलायची.

ठेंगणा, गोल माणूस. मिशांना कलप, शर्टाच्या खिशात चिमटा, चष्मा आणि बोटाएवढा टॉर्च. आनंद झाला की मांडीवर थाप मारून ओरडायचे, "एकसारखं!" हा त्यांचा सर्वोच्च किताब. चर्चमधली गाणी सुरात झाली तर एकसारखं, नाक्यावरच्या मल्याळी हॉटेलातले पराठे जमले तर एकसारखं. माझ्या पोळ्यांना तो किताब कधीच मिळाला नाही. "पोरी, चवीला फर्स्ट क्लास," एकदा डबा उघडून ते म्हणाले, "पण ही बघ, आणि ही बघ. दोन बहिणी वाटत नाहीत, शेजारणी वाटतात."

एका गणपतीत त्यांनी हद्द केली. मोदक करायला मदत करतो म्हणून आले ते काटा घेऊनच. प्रत्येक उकडीचा गोळा पारड्यात, मग सारणाचा चमचा पारड्यात. आरतीची वेळ होत आली, पाहुणे दारात, आणि काका एका मोदकाला चिमटा लावून कणभर उकड काढताहेत! मी ओरडले, "काका, बाप्पा वजन करून खात नाही हो!" ते शांतपणे म्हणाले, "बाप्पा नसेल करत. मी करतो." पण खरं सांगते, तसे देखणे मोदक माझ्या हातून पुन्हा झाले नाहीत.

अशा माणसाच्या हातात अर्बाब खलफानची ती मशीन पडली, मग काय विचारता!

अर्बाब म्हणजे मालक. आमचे अर्बाब हौशी गृहस्थ. उंट, जुन्या गाड्या, सगळे नाद करून झाल्यावर त्यांनी एक बारीक नळीची रायफल घेतली होती. मुळात ती परदेशात शेतातल्या उपद्रवी कोल्ह्या-घुशींसाठी बनवतात. गोळी बारीक, पण वेग असा की नाव ते. ओमानात शिकारीला बंदी, म्हणून अर्बाब फक्त निशाण्यावर मारायचे, आणि हिवाळ्यात गावोगावच्या स्पर्धांना जायचे. विकतच्या काडतुसांनी नेम सारखा बसत नाही म्हणून त्यांनी रीतसर परवाने काढून घरी काडतुसं भरायची मशीन मागवली. तिच्यासोबत आलेला काटा तपासायला काका गेले, आणि जवळजवळ तिथेच राहिले.

त्या दिवशी गाडीत बसल्याबरोबर ते मला सांगत सुटले. उडवलेल्या काडतुसाची पितळी नळी परत वापरता येते. ती घासायची, मशीनमध्ये दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, वजन करून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. "आणि वैशाली, दारूचा एक दाणा जास्त पडला की गोळी वर जाते, कमी पडला की खाली. एक दाणा! मोहरीपेक्षा बारीक!" बुर्ज अल सहवाच्या चौकात ते एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघायला लागला. बिल्डिंगमध्ये मात्र "काका मालकाकडे दारू भरतात" एवढंच पसरलं, आणि चर्चमधल्या दोन बायकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू केली.

काकांच्या हाताशी असावी म्हणून मशीन वर्कशॉपच्या मागच्या खोलीतच बसली. किल्ली अर्बाबकडे, दारूचा डबा कुलपात. काकांनी गालातल्या एका सुताराकडून लाकडी ठोकळा करून घेतला, त्यात ओळीनं भोकं. प्रत्येक भोकात एक नळी उभी. काचेच्या पेटीत जुन्या पद्धतीचा दांडीचा काटा. मी विचारलं, आपल्याकडे इतके इलेक्ट्रॉनिक काटे असताना हा कशाला? म्हणाले, "त्यांच्यावर माझा विश्वास आहे. प्रेम नाही."

आणि त्या खोलीचा एकच कायदा होता. काटा हलत असताना बोलायचं नाही. कोणी बोललं, फोन वाजला, कोणाला नुसती शिंक जरी आली, तरी काका भरलेला सगळा ठोकळा परत डब्यात रिकामा करायचे आणि पहिल्या नळीपासून सुरुवात. चिडायचे नाहीत. फक्त तुमच्याकडे बघायचे, आणि दाणे डब्यात पडल्याचा बारीक आवाज यायचा. पहिल्या आठवड्यात माझ्यामुळे तीनदा ठोकळा रिकामा झाला. चौथ्यांदा मी तोंडावर ओढणी धरून उभी राहिले.

"एवढं काय त्यात?" मी गाडीत विचारलं होतं. एरवी हसणारे काका तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "एखादी नळी दारूविना राहिली, तर टोपीच्या जोरानं गोळी निघते आणि बंदुकीच्या नळीत मध्येच अडकते. माणसाला वाटतं, बार फुसका निघाला. तो दुसरी मारतो. मागची गोळी पुढच्यावर आपटते आणि बंदूक फुटते. कुठे, ठाऊक आहे? गालाजवळ. डोळ्याजवळ." म्हणूनच ओळीनं सगळ्या नळ्यांमध्ये टॉर्च मारून बघितल्याशिवाय ते एकही गोळी दाबत नसत. दारू सगळीकडे एका पातळीत दिसली, की हळूच, अगदी स्वतःशी म्हणायचे, "एकसारखं."

त्यांनी स्वतः मात्र बंदूक कधी हातात धरली नाही. आवाज सोसत नाही म्हणायचे. पण अर्बाबनी पहिल्यांदा त्यांची काडतुसं मारली आणि निशाण्याचा कागद आणून दिला, तो दिवस मला आठवतो. काका तो कागद घेऊन ऑफिसभर नाचले. अकाउंटंटनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "इसमें क्या है? एक छेद है."

"एक? अरे बाबा, पाच हैं! पाच! एक के अंदर एक!" काकांनी खिशातून पन्नास बैशांचं नाणं काढून त्या भोकावर ठेवलं. भोक दिसेनासं झालं. मग ते नाणं आणि तो कागद ड्रायव्हरला, चहावाल्याला, काटा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना दाखवून झालं. संध्याकाळी घरी जाताना गाडी माबेलाकडे वळवली, का, तर तिथल्या वसईवाल्यांनी अजून बघितलं नव्हतं! पुढे तो कागद त्यांच्या घरी येशूच्या तसबिरीशेजारी फ्रेममध्ये लागला. सेलिनकाकू सुट्टीत आल्या तेव्हा त्यांनी तो उतरवून स्वयंपाकघरात लावला, इतकंच.

या सुखात एक विघ्न आलं, ते अर्बाबच्या वडिलांच्या रूपानं. त्यांना आम्ही सगळे बडे अर्बाब म्हणायचो. ते नखलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी गावात राहायचे. खजुराची बाग, हातात काठी, कमरेला खंजर, आणि बोलायला फक्त अरबी. ओमानी माणसाचा सलाम म्हणजे आपला नुसता नमस्कार नव्हे. सलाम, मग हालहवाल, मग तब्येत, मग घरचे, आणि शेवटी "शै उलूम?" म्हणजे काही बातमी? त्यावर घर जळत असलं तरी आधी म्हणायचं, "मा शै." काही नाही, सगळं ठीक. हे सगळं पुरं झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. न उत्तरलेला सलाम म्हणजे तोंडावर दार आपटणं.

आणि बडे अर्बाब पहिल्यांदा त्या खोलीच्या दारात उभे राहून "अस्सलाम अलैकुम" म्हणाले, तेव्हा काकांनी मानही वळवली नाही. काटा हलत होता ना!

म्हातारा तसाच परत फिरला. दुसऱ्या दिवशी अर्बाब खलफान संतापून आले. त्यांचं हिंदी आम्हा सगळ्यांसारखंच मोडकं-तोडकं. "ऑगस्टीन, गोली खराब करेगा, माफ. मेरा बाप का सलाम खाएगा, माफ नहीं. मेरा बाप पूछता है, ये कैसा आदमी रखा तुम?" काकांचा व्हिसा अर्बाबच्या नावावर. मालकाचं मन मोडलं की बॅग भरायची, हे तिथे लहान मुलालाही कळतं. काकांनी कानाला हात लावला. पुन्हा असं होणार नाही, सलाम पहिला, काटा नंतर.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बड्या अर्बाबच्या गावातच स्पर्धा होती. आसपासच्या सगळ्या गावांचे नेमबाज येणार, आपल्या माणसांसमोर खलफान उतरणार. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, काका शेवटचा ठोकळा भरत होते आणि मी घरी जायला बाहेर थांबले होते. तेवढ्यात म्हातारा आला. "अस्सलाम अलैकुम."

काका ताडकन उठले. सलाम परत केला. हाल, तब्येत, घर, बातमी, सगळं साग्रसंगीत. मी थर्मासमधला कहवा नेऊन दिला, खजूर पुढे केले. म्हातारा खूश झाला आणि तिथेच बसला. ठोकळ्याकडे, काट्याकडे, चिमट्याकडे लहान मुलासारखा बघत होता. मग त्यानं काकांचा छोटा टॉर्च उचलला, पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. काका म्हणाले, "बाबा, ये आपका. हदिया." भेट म्हणून दिला. बाहेर खलफान हॉर्न वाजवत होते, "यल्ला, यल्ला!" काकांनी राहिलेल्या नळ्या भरल्या, गोळ्या दाबल्या, डबी अर्बाबच्या हातात दिली. घरी येताना ते फार खुशीत होते. "म्हाताऱ्याला जिंकला गं," म्हणाले.

शुक्रवारी सकाळी रुवीला चर्च. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साची प्रार्थनाही शुक्रवारी. ते पुढचं मला काकांनीच सांगितलं. गाण्याचं पुस्तक उघडलं, चष्म्यासाठी खिशात हात घातला. चष्मा होता, चिमटा होता. टॉर्च नव्हता. टॉर्च म्हाताऱ्याच्या हातात होता, म्हणजे ओळी बघितल्याच नव्हत्या. उठले तेव्हा हात कुठल्या नळीवर होता? बसले तेव्हा कुठून सुरू केलं? आठवेना. ठोकळा रिकामा करायला हवा होता आणि पाहुण्यासमोर लाजेस्तव केला नव्हता.

मिस्सा अर्धी टाकून ते पळाले. अर्बाबचा फोन बंद. माझ्या दाराची बेल अशी वाजली की मला वाटलं, बिल्डिंगला आग लागली. दारात काका, कोट घातलेले, हातात काचेची पेटी. "वैशाली, चल. काटा मांडीवर धरायला माणूस पाहिजे. हादरला तर मेला." मी गॅस बंद केला आणि घरच्या चपलांवरच निघाले.

एवढी वर्षं मी त्या गाडीत बसले, पण तो प्रवास वेगळाच! काका आयुष्यात कधी वेगमर्यादा ओलांडत नसत. त्या दिवशी गाडी एकशेवीसच्या वर गेली की वाजते ती टिंगटिंग बरका गावापर्यंत थांबलीच नाही. रडारचा फ्लॅश झाला. "होऊ दे," काका म्हणाले. पुन्हा फ्लॅश. "होऊ दे!" मी पेटीला मिठी मारून बसले होते, वळणावर डावीकडे झुकत, खड्ड्यावर श्वास धरत. आणि गंमत म्हणजे एवढ्या सगळ्यात आम्ही दोघंही बोलत नव्हतो. एकदाच ते म्हणाले, "डोळा गेला तर मी काय करू गं?" मी पुन्हा नंबर फिरवला. फोन बंदच.

गाव आलं. डोंगराच्या उतारावर निशाणं मांडलेली, खाली पांढऱ्या पायघोळ दिशदाशांची ही गर्दी. फोन सगळ्यांचे एका टोपलीत जमा. अर्बाब खलफान चटईवर पालथे पडलेले, रायफल खांद्याला लावलेली. काकांनी गाडी वाळूतच सोडली आणि दोन्ही हात वर करून मागून धावत सुटले. कोट उडतोय, टाय मागे गेलाय. "अर्बाब! खलास! मत मारो! खलास!"

सगळं गाव वळून बघायला लागलं. खलफान उठले, चेहरा लाल. "तुम पागल है? मेरा कबीला का सामने?"

काका गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाले, "एक खाली हो सकता है. मेरेको मालूम नहीं. एक भी मत मारो."

आता डोळ्यांसमोर आणा. गाडीत मी, मांडीवर पाट, पाटावर काटा. वाऱ्यानं काटा हलतो म्हणून काचा बंद. हवेच्या झोतानं हलतो म्हणून एसी बंद. शेजारी कोटातले काका, चिमट्यानं एकेक काडतूस पारड्यात ठेवताहेत. ज्यात दारू नाही ते हलकं भरणार, पारडं लगेच वर जाणार. घामानं मी निथळत होते आणि श्वास नाकानं, हळू घेत होते. बाहेर काचांना नाकं लावलेले पन्नास ओमानी, सगळे एकदम बोलताहेत, कोणी हसतंय, कोणी बॉनेटवर थापा मारतंय. काटा थरथरायला लागला. काकांनी डोळे मिटले.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. बडे अर्बाब आले. त्यांनी आत बघितलं, काट्याकडे बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग वळले, काठी वर केली आणि एकच शब्द बोलले. सगळा डोंगर गप्प झाला. खलफानसुद्धा. मी म्हटलं ना, मला गप्प बसवणं कठीण. इथे एका गावाला गप्प बसवलं होतं.

एक ठेवलं. बरोबर. दुसरं. बरोबर. ओळीमागून ओळ. शेवटचं काडतूस पारड्यात गेलं, काटा डोलला, डोलला, आणि मधोमध थांबला.

एकही रिकामं नव्हतं. सगळीच्या सगळी भरलेली!

म्हणजे एवढा तमाशा फुकट? आता व्हिसा गेलाच की. मी काकांकडे बघायचं टाळलं. पण काकांनी दार ढकललं, बाहेर उडी मारली आणि मांडीवर अशी थाप मारली, की जवळची बकरी पळाली. "एकसारखं! अर्बाब, कुल्लु तमाम! सब एकसारखा!" हसत होते, रडत होते, समोर दिसेल त्याला मिठी मारत होते. आपण चुकीचे ठरलो याचा इतका आनंद झालेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आधी एक पोरगा हसला, मग दोघं, मग सगळं गाव हसायला लागलं. खलफाननी चटईवरची वाळू झटकली. मग म्हणाले, "ऑगस्टीन, अब मैं मार सकता है?"

ते जिंकले नाहीत. त्यांचा नेम चुकला, आमच्यामुळेच. पण बड्या अर्बाबनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी बायकांकडच्या खोलीत घरच्या चपलांवर बसून शुवा नावाचं भट्टीतलं मटण खाल्लं आणि मग सगळी कसर भरून काढत बोलले. त्यांना मराठी येत नव्हती, मला अरबी. काही अडलं नाही.

काका पुढे तीन-चार वर्षांनी कायमचे वसईला गेले. शेवटच्या दिवशीही ते त्या खोलीत होते, अर्बाबसाठी एक शेवटचा ठोकळा भरत. विमान रात्रीचं. मी दारात उभी होते, अर्थातच गप्प. मागून काठीचा आवाज आला. बडे अर्बाब. खूप वाकले होते. मी बाजूला झाले. ते उंबऱ्यावर थांबले आणि काहीही बोलले नाहीत. सलामसुद्धा नाही. काटा हलत होता.

शेवटची नळी भरली. काकांचा हात सवयीनं खिशातल्या नव्या टॉर्चकडे गेला. तेवढ्यात ठोकळ्यावर उजेड पडला. म्हाताऱ्यानं दिशदाशातून तो टॉर्च काढून पेटवला होता. काका ओळीमागून ओळ वाकून बघत गेले, आणि टॉर्च त्यांच्या डोक्याबरोबर सरकत गेला. शेवटच्या ओळीला काका स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, सरळ झाले आणि वळून म्हणाले, "अस्सलाम अलैकुम, बाबा."

मग सगळं सुरू झालं. हाल, तब्येत, घर, मुलं. अजिबात घाई नाही. शेवटी म्हाताऱ्यानं दोन्ही हातांत काकांचा हात धरून विचारलं, "शै उलूम?"

बाहेर गाडीच्या टपावर काकांच्या बॅगा बांधलेल्या होत्या. म्हाताऱ्याला ते दिसलं होतं.

"मा शै, बाबा," ऑगीकाका म्हणाले. "मा शै."